किल्लीचा चार्ज

निवृत्त बँक अधिकारी महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबात एक तरी असतो. पेन्शन सुरू होऊन कितीही वर्षं लोटली तरी तो लग्नात आहेराची पाकिटं फोडताना दुसरा माणूस साक्षीला बसवतो, दूधवाल्याच्या हिशोबाखाली बारीक सही मारतो, आणि एटीएममधून आलेल्या नोटा मागची रांग कुरकुरत असताना तिथेच उभा राहून मोजतो. आमच्या घराण्यात हे पद साताऱ्याच्या मामांकडे आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर म्हणून चिकटले, शाखाधिकारी म्हणून सुटले. अशा मामांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, २०१७ च्या सुरुवातीला बिटकॉइन घ्यावेत हा नियतीचा विनोद. पुढचा मजकूर म्हणजे त्याचं नुसतं ऑडिट.

किती घेतले हे दादाने कुणाला सांगितलेलं नाही. या क्षेत्रातला तो पहिला नियम, आणि तो त्याने कसोशीने पाळला. घेतलेत, एवढं मात्र त्याने मुंजीत, बारशात, हिंजवडीच्या बसमध्ये आणि एकदा दहाव्याला घाटावरसुद्धा सांगितलं. परिणामी प्रत्येक नातेवाइकाने आपापला आकडा ठरवून घेतला, आणि तो आकडा दर दिवाळीला वाढत गेला.

मामांनी तपासणी सुरू केली ती रीतसर.

‘शाखा कुठे?’

‘शाखा नसते, बाबा.’

‘मॅनेजर?’

‘तोही नसतो.’

‘काही बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची?’

‘कुणाकडेच नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याचे पैसे.’

‘आणि किल्ली दिली कुणी?’

‘मीच बनवली.’

मामांनी चष्मा काढून पुसला. तिजोरीची किल्ली स्वतःच बनवून घेणाऱ्या माणसाला त्यांच्या काळात सस्पेंड करत.

दादा खोटं बोलत नव्हता. ही किल्ली, ज्याला मंडळी ‘प्रायव्हेट की’ म्हणतात, ती म्हणजे फक्त एक संख्या. एकपासून एका ७८ अंकी संख्येपर्यंत कुठलीही चालते. रुपयाचं नाणं २५६ वेळा उडवून छापा-काटा लिहून काढला तरी किल्ली तयार; त्याला इंटरनेट लागत नाही, आधार लागत नाही, पासपोर्ट साइजचे दोन फोटो लागत नाहीत. या संख्येवरून गणिताने एक पत्ता निघतो. पत्ता गावभर वाटला तरी चालतो, कारण पत्त्यावरून मागे जाऊन संख्या शोधायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. वॉलेट म्हटलं की डोळ्यांसमोर पाकीट येतं, पण त्यात नाणी नसतातच. नाण्यांची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच खातेवहीत, सगळ्यांच्या समोर पडलेली असते. वॉलेटात असतो तो त्या नोंदीवर सही करायचा अधिकार.

‘दुसऱ्या कुणी तीच संख्या निवडली तर?’ मामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

दादाने विश्वातल्या अणूंची संख्या सांगून ती शक्यता निकालात काढली. ते बरोबरही आहे, पण संख्या खरोखर आंधळेपणाने उचललेली असली तर. ॲड्रियन बेडनारेक नावाच्या अमेरिकन सुरक्षा तज्ज्ञाने बिटकॉइनच्याच जातीच्या इथेरियमवरच्या अगदी सोप्या किल्ल्या चाळून पाहिल्या. २०१९ मध्ये त्याने जाहीर केलं की अशा ७३२ किल्ल्या प्रत्यक्ष वापरलेल्या सापडल्या. कुठे सॉफ्टवेअरची चूक असेल, कुठे माणसाची. पण त्यांत चक्क ‘१’ हीसुद्धा किल्ली होती. आणि तिथले पैसे बेडनारेकच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी उपसून नेले होते. ७८ अंकांची मोकळीक दिली, आणि माणूस एकवर थांबला.

‘हे सगळं काढलं कुणी?’

‘सातोशी नाकामोतोने. ३१ ऑक्टोबर २००८ ला त्याने नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला, जानेवारी २००९ मध्ये यंत्रणा सुरू केली, आणि २०११ नंतर त्याचा पत्ता नाही.’

‘चार्ज कुणाला दिला?’

‘कुणालाच नाही.’

‘आणि कॅश?’

सातोशीचे मानले जाणारे सुमारे दहा लाख बिटकॉइन जागचे हललेले नाहीत, असं दादाने सांगितलं तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला. चार्ज न देता गेला, पण कॅशला हात लावला नाही. असा मॅनेजर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मधली वर्षं बापलेकांनी एकमेकांना ‘बघ’ आणि ‘बघा’ म्हणण्यात घालवली. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा मामा ‘बघ’ म्हणाले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हा दादा ‘बघा’ म्हणाला. २०२२ च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर लागला, तेव्हा दोघंही वहिनींकडे बघायला लागले, कारण घरातले रिटर्न वहिनी भरतात.

खरा प्रश्न आला तो कागदाचा. २०१७ मध्ये ‘पेपर वॉलेट’ म्हणजे सावधपणाचा कळस समजला जाई. किल्ली आणि पत्ता, दोन्हींचे चौकोनी कोड कागदावर छापायचे, संगणकातून सगळं पुसायचं आणि कागद जपायचा. दादाने तो ऑफिसच्या प्रिंटरवर छापला, साताऱ्याच्या पावसात शाई फुटू नये म्हणून लॅमिनेट करून घेतला आणि मामांच्या कपाटात विम्याच्या कागदांमध्ये ठेवून दिला. लॅमिनेशन झालं चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. जी संख्या बायकोलाही दाखवायची नाही ती दुकानदाराने उलटसुलट पाहिली, ‘कडा जरा कापू का?’ असं विचारलं, आणि सुटे मागितले. माणूस सज्जन होता, की त्याला ते नाटकाचं तिकीट वाटलं, कुणास ठाऊक. पैसे राहिले खरे.

सगळ्यांचे राहत नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये ब्लूमबर्ग वाहिनीचा निवेदक मॅट मिलर याने सहकाऱ्यांना नाताळची भेट म्हणून अशीच बिटकॉइनची कागदी प्रमाणपत्रं थेट कार्यक्रमात दिली. एका सहकाऱ्याने आपलं प्रमाणपत्र हौसेने कॅमेऱ्यासमोर धरलं. घरी बसलेल्या एका प्रेक्षकाने पडद्यावरचा कोड मोबाइलने टिपला आणि त्यातले वीस डॉलर काढून घेतले. मामांना ही गोष्ट इतकी आवडली की ती त्यांनी दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, ‘आमचं पासबुक तू खुशाल दूरदर्शनवर दाखव.’

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट तर पेपरांतून सगळ्यांनी वाचलेली. २०१३ मध्ये कचऱ्यात गेलेली हार्ड डिस्क, तीत सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली, डेपो उकरू द्या म्हणून पालिकेच्या मागे घालवलेली वर्षं, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळलेला दावा. ती ऐकून मामींनी जुन्या डायऱ्या रद्दीत घालायचा बेत त्या वर्षापुरता रहित केला.

तर ठरलं असं, की कागदावरचे बिटकॉइन हार्डवेअर वॉलेटात हलवायचे. पेनड्राइव्हएवढं यंत्र, किल्ली त्याच्या पोटात राहते, सही आतल्या आत होते, संगणकाला फक्त सही झालेला कागद मिळतो. असलं पहिलं यंत्र २०१४ मध्ये प्रागच्या मंडळींनी ट्रेझर नावाने बाजारात आणलं. दादाने आपलं थेट उत्पादकाकडून मागवलं, कारण सेकंडहँड वॉलेट ही कल्पनाच चुकीची. खोकं साताऱ्याला पोचलं तेव्हा मामांनी आधी सील भिंगाखाली पाहिलं.

‘सीलवर जाऊ नका, बाबा. सील कुणीही बनवतो. आत आधीच चोवीस शब्द छापलेलं कार्ड निघालं, तर मात्र यंत्र सरळ फेकून द्यायचं.’

‘का?’

‘त्या शब्दांवरून किल्ली पुन्हा तयार करता येते. शब्द यंत्राने आपल्यासमोर काढायचे असतात. आधीच छापलेले असले तर छापणाऱ्याकडेही ते आहेत.’

‘म्हणजे डुप्लिकेट आधीच बाहेर,’ मामा म्हणाले, आणि त्या वाक्याबरोबर दादाचा सगळा धंदा त्यांना एकदम समजला. त्यानंतर कारभार मामांच्या हातात गेला.

त्यांचा पहिला हुकूम: मोबाइल तांदळाच्या डब्यात. कुणीतरी सवयीने फोटो काढतो, फोटो आपोआप क्लाउडवर जातो, आणि मग गुपित सांभाळायचं काम अमेरिकेतल्या एखाद्या संगणकाकडे जातं. मामांना क्लाउड ठाऊक नव्हता, पण स्ट्राँगरूममध्ये पाहुणे नेऊ नयेत हे ठाऊक होतं. मामींनी सगळ्यांचे फोन डब्यात घालून झाकण लावलं. दुपारभर डब्यातून ‘ट्रिंग’ ऐकू येत होतं आणि दर वेळी वहिनींचा हात तिकडे जात होता.

दुसरा हुकूम: शब्द लिहायचे बॉलपेनने, कॅपिटलमध्ये, अनुक्रमांकासह, आणि खाडाखोड झाली तर शेजारी सही. हे चोवीस शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. यादी ‘अबँडन’पासून सुरू होते आणि ‘झू’वर संपते. मध्ये ‘मँगो’ आहे, ‘अनियन’ आहे, ‘अंकल’ आहे. ‘हजबंड’ आणि ‘वाइफ’ दोन्ही आहेत आणि ‘डिव्होर्स’ही. कुणाच्या वाट्याला काय यावं हे यंत्र ठरवतं, पत्रिका बघत नाही. इंग्रजीखेरीज अशा याद्या जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, झेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. मराठीत नाही, हे एका परीने बरंच. आपल्याकडे आधी समिती नेमली असती, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून एकाच किल्लीची दोन वॉलेटं झाली असती.

तिसरा हुकूम ऐकून दादा चाट पडला, कारण या विषयावरचे व्हिडिओ पाहणारी भली भली मंडळी ही पायरी गाळतात. मामा म्हणाले, ‘आता यंत्र कोरं कर आणि तुझ्या कागदावरून पुन्हा उघडून दाखव. पैसे ठेवायच्या आधी.’ बँकेत दोघं अधिकारी न सांगता येऊन रोकड मोजून जात, ती सवय. दादाने यंत्र पुसलं, कागदावरून शब्द भरले. यंत्राने ते नाकारले. एका शब्दाचं अक्षर दादाच्या कॅपिटलमध्ये भलतंच दिसत होतं. अभियंत्याचं हस्ताक्षर. ते निस्तरलं, यंत्र उघडलं, पत्ता तोच आला. मामांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून तारीख टाकली. लपवायच्या कागदावर तारीख कशाला, असं दादा पुटपुटला. तारखेशिवायचा कागद मामांच्या लेखी रद्दी असतो.

यंत्र एकाचंच, हे मात्र त्यांना पटेना. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने उघडायचीच नाही. याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात आणि मामा हे दोन शब्द ज्या सुरात उच्चारतात त्या सुरात इतर लोक गायत्री मंत्र म्हणतात. दादाने सांगितलं की इथेही तशी सोय आहे, मल्टिसिग म्हणतात, तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं वॉलेट करता येतं. मामा खूश. मग दादाने बायबिटची हकिगत सांगितली.

२१ फेब्रुवारी २०२५. दुबईचं बायबिट हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं मोठं एक्स्चेंज. काम अगदी नेहमीचं: स्वतःच्याच एका वॉलेटातून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटात इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, हलवायचे. एकाहून अधिक सह्या लागणारी व्यवस्था. पडद्यावर पत्ता बरोबर, रक्कम बरोबर. पण ज्या सॉफ्टवेअरमधून पडद्यावर ते दिसत होतं त्यात चोरांनी आधीच शिरकाव केलेला; दिसत होतं एक, सही मागितली जात होती दुसऱ्यावर. हातातल्या यंत्रावर खरा मजकूर येत होता, पण तो माणसाला वाचता येईल अशा रूपात नव्हता. अधिकृत लोकांनी, अधिकृत यंत्रांवर, एकापाठोपाठ एक सह्या केल्या, आणि सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. अमेरिकेच्या एफबीआयने ठपका ठेवला उत्तर कोरियावर. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्सचं असंच अनेक सह्यांचं वॉलेट फुटलं होतं आणि २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली होती. ज्यांचे अडकले त्यांत आपल्याकडचे पुष्कळ.

मला वाटलं, आता मामा बिटकॉइनला शिव्या घालणार. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

‘आमच्याकडेही व्हाउचरवर दोन सह्या लागायच्या,’ ते म्हणाले. ‘पहिला म्हणायचा, दुसरा बघेलच. दुसरा म्हणायचा, पहिल्याने बघितलंच असणार. तेवढ्यात चहा यायचा.’

दीड अब्ज डॉलरच्या चोरीचं याहून नेमकं विश्लेषण माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि मी त्यावर बरंच वाचलं आहे.

दादाच्या ऑफिसातला एक जाणकार यायला तयार होता. मामांनी बाहेरचा माणूस नको म्हणून सांगितलं. त्यांना पुण्याचं प्रकरण ठाऊक होतं. २०१८ च्या एका क्रिप्टो घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटांतले बिटकॉइन त्यांनी आपल्याकडे वळवले, असा आरोप. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण चोरीचा माल हलवायला बोलावलेल्यांवरच तो हलवल्याचा आळ येतो, एवढ्यावर मामांना पुरे होतं.

आता प्रत्यक्ष हलवाहलवी. कागदावरची किल्ली वापरायचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक न कळल्याने कितीतरी लोक बुडाले. एक, किल्ली सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट’ करायची आणि हवे तेवढे खर्च करायचे. दुसरा, ‘स्वीप’ करायचं, म्हणजे झाडूनपुसून सगळी रक्कम एका दमात नव्या पत्त्यावर. पहिल्यात गोम अशी, की बिटकॉइन तुकड्याने निघत नाहीत. भाजीवालीला पाचशेची नोट दिली तर ती वीस रुपये कापून घेत नाही, पूर्ण नोट घेते आणि सुटे परत देते. इथले सुटे पुष्कळदा मूळ कागदाच्या पत्त्यावर न येता सॉफ्टवेअरने स्वतः काढलेल्या नव्या पत्त्यावर जातात. माणूस समजतो की उरलेले कागदावरच आहेत. तो सॉफ्टवेअर काढून टाकतो, आणि सुटे जन्माचे सुटतात.

म्हणून स्वीप. दादाने जुना लॅपटॉप कोरा करून घेतला होता. सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याच्या जागेवरूनच उतरवलं, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नाही, आणि त्यावरची डिजिटल सही जुळवली. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम या नावाजलेल्या वॉलेटच्या वापरकर्त्यांना खुद्द वॉलेटाच्या आतच ‘नवी आवृत्ती घ्या’ असा निरोप दिसला होता. निरोप चोरांचा होता आणि आवृत्तीही. ‘तुमची किल्ली इथे टाका, शिल्लक दाखवतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांबद्दल तर मामांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. त्यांना रोज एक मुलगा फोन करून एटीएमचा पिन विचारतो आणि ते त्याला रोज वेगळा पिन सांगतात. त्यांचा तो सकाळचा विरंगुळा आहे.

आधी नमुन्याला थोडेसे पाठवून पाहावे, हे सगळेच सांगतात. पण कागदातून थोडे काढून बाकीचे तिथेच ठेवणं बरं नव्हे, कारण किल्ली एकदा जोडलेल्या संगणकात शिरली की ती उघडी पडली असंच धरायचं. त्यामुळे नमुन्याचे चिमूटभर दादाने एक्स्चेंजवरच्या आपल्या खात्यातून नव्या यंत्रावर पाठवले. ते पोचले. मग कागद.

आणि इथे पत्ता वाचायचा प्रसंग आला. बेचाळीस अक्षरं, अर्थ काहीच नाही. बहुतेक लोक पहिली चार आणि शेवटची चार बघतात. चोरांनाही हे ठाऊक आहे. ते हजारो लाखो पत्ते तयार करून तुमच्या पत्त्याशी डोकं आणि शेपूट जुळणारा एक काढतात आणि तिथून चिल्लर व्यवहार करून तो तुमच्या यादीत पेरून ठेवतात. मे २०२४ मध्ये एका माणसाने यादीतला असाच पत्ता उचलला आणि जवळपास ७ कोटी डॉलरचे बिटकॉइन-टोकन चोराला धाडले. त्यानेही आधी नमुना पाठवून पाहिला होता! पुढे वाटाघाटी होऊन बहुतेक रक्कम परत मिळाली, हे त्याचं पूर्वपुण्य.

मामांनी पट्टी मागवली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दादा वाचणार, लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी धरून मामा ताडून बघणार. मामांची अक्षरं फोनवर ट्रंक कॉल लागत असतानाची आहेत.

‘बी फॉर बॉम्बे.’

‘बी.’

‘सी फॉर कलकत्ता. वन. क्यू फॉर...’

क्यूसाठी गाव सापडेना. साताऱ्यापासून सुरुवात करून सगळा पश्चिम महाराष्ट्र पालथा घातला, मामी स्वयंपाकघरातून ‘कोयना’ म्हणाल्या, ते फेटाळलं गेलं. शेवटी ‘क्यू फॉर क्यू, रांगेतला’ यावर एकमत झालं आणि गाडी पुढे सरकली. ‘के फॉर कराड’, ‘पी फॉर पूना’, ‘एक्स फॉर एक्सरे’, ‘झेड फॉर झिंक’. शून्य आलं तेव्हा ते ओ आहे का यावर वाद. दादाने सांगितलं की या पत्त्यांत घोटाळा होऊ नये म्हणून ओ हे अक्षर वापरतच नाहीत. मामा म्हणाले, हे ज्याने ठरवलं त्याने कधीतरी काउंटरवर काम केलेलं असणार.

मग शुल्क. इथे मामा प्रथमच दुखावले. शुल्क रकमेवर नसतं, व्यवहार किती जागा खातो यावर असतं. शंभर रुपये पाठवा नाहीतर शंभर कोटी, जागा तितकीच तर शुल्क तितकंच. ‘हे गरिबाला महाग,’ ते म्हणाले, आणि वर ‘बचत खात्याला ऑनलाइन एनईएफटी २०२० पासून फुकट आहे’ हेही जोडलं. दादाने आकडा दोनदा तपासला, कारण सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सॉस या अमेरिकन कंपनीकडून एका किरकोळ व्यवहारावर चुकून सुमारे पाच लाख डॉलर शुल्क भरलं गेलं होतं.

बटण दाबायच्या आधी मामांनी विचारलं, ‘स्टॉप पेमेंट?’

‘नसतं, बाबा.’

‘दाब.’

पुढचा तास पाहण्यासारखा होता. सरासरी दहा मिनिटांनी एक नोंद लागते, सहा नोंदी झाल्या की व्यवहार पक्का धरायचा. पण सरासरी ती सरासरी. पहिल्याच नोंदीने वेळ लावला. सगळं पाठ असलेला दादा घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता. ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते मामा पोहे खात होते. बाहेरगावच्या चेकला तीन आठवडे लागायचे, त्या काळी माणसं शांतपणे घरी जाऊन झोपत, असं त्यांचं म्हणणं. सहावी नोंद लागल्यावर दादाने हात जोडले आणि जुना कागद फाडायला उचलला. मामांनी तो काढून घेतला. बँकेत कुठलाही कागद त्या दिवशी फाडत नाहीत, एवढंच कारण. आणि दादाला आठवलं, की १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश फुटून निघालं. ज्याच्याकडे त्याआधीची किल्ली, त्याला तेवढीच ती नवी नाणीही मिळाली. ती त्याच कागदाच्या किल्लीने उघडतात, आणि मुख्य रक्कम हलवून झाल्यावरच त्यांना हात लावायचा असतो. मामांनी हे ‘डिव्हिडंड’ म्हणून समजून घेतलं. कुणी खोडून काढलं नाही.

राहिले चोवीस शब्द. डुप्लिकेट किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवायच्या हा मामांचा शिरस्ता, म्हणून एक प्रत पुण्याला, एक साताऱ्याला. साताऱ्याची कुठे? मामा म्हणाले, बँकेच्या लॉकरमध्ये. बँका नकोत म्हणून काढलेल्या नाण्याची किल्ली शेवटी बँकेतच, यावर दादाने क्षीण आक्षेप घेतला. मामांनी रिझर्व्ह बँकेचा नियम ऐकवला: बँकेच्या हलगर्जीपणाने लॉकरमधलं गेलं तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई. ‘तुझ्या सातोशीकडून किती पट मिळते?’

मामींनी एकच प्रश्न विचारला. ‘हिला माहीत आहे का?’ ही म्हणजे वहिनी. दादा म्हणाला, सुरक्षिततेच्या दृष्टीने अजून सांगितलं नाही. ‘सुरक्षित कुणापासून?’ वहिनी म्हणाल्या. मग मला जयपूरची गोष्ट सांगावी लागली. कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा तिशीतला मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, आणि कंपनीने सांगितलं की तिजोरीचे पासवर्ड एकट्या त्याच्याच डोक्यात होते. हजारो लोकांचे पैसे अडकले. पुढे तपासात वॉलेटं आधीपासूनच रिकामी निघाली आणि एक्स्चेंजचा कारभारच फसवणुकीचा ठरला, ही गोष्ट वेगळी. मामींनी उत्तरार्ध ऐकलाच नाही. रात्री जेवणाआधी वहिनींनी एकदा स्वतःच्या हाताने यंत्र उघडून दाखवलं, तेव्हा कुठे भात वाढला गेला. वहिनींनीही आपलं काम केलं. आपल्याच एका वॉलेटातून दुसऱ्यात नेलं तर मालक बदलत नाही, त्यामुळे ३० टक्केही नाही आणि एक टक्का टीडीएसही नाही. फक्त तारीख, दोन्ही पत्ते आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवायचा. मामांनी तो चौसष्ट अक्षरी क्रमांक रजिस्टरात स्वहस्ते उतरवला. त्यात गावंच गावं आली.

हल्ली साताऱ्याच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या मासिक सभेत मामांना या विषयावर बोलायला उभं करतात. जॉइंट कस्टडीपाशी टाळ्या पडतात. गेल्या सभेत प्रश्नोत्तरं लांबली. व्याज किती, असं एकाने विचारलं, मामा नाही म्हणाले. नॉमिनेशन फॉर्म कुठे मिळतो, असं दुसऱ्याने विचारलं, मामांनी सुनेचं उदाहरण दिलं. मागून एक गृहस्थ उठले आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त मिळतो का, म्हणाले. मामांनी ते टिपून घेतलं आहे. दादाला विचारून पुढच्या सभेत लेखी कळवणार आहेत.